डिस्नी वर्ल्डचा डायनिंग प्लॅन: सहा शाकाहारी माणसांना परवडतो का?

कोथरूड_डेपो

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ऑरलँडोचं वॉल्ट डिस्नी वर्ल्ड, पाच रात्री. माणसं सहा: आम्ही दोघं, आई-बाबा, मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ७ वर्षांची. सगळे शाकाहारी. आईला अंडंही चालत नाही, बाकीच्यांना केकमधलं चालतं. बिअर पिणारा मी एकटा. डिस्नीच्याच हॉटेलात सहा जणांचा एक फॅमिली सूट धरलाय, पैसे अजून भरलेले नाहीत. एजंट म्हणतो, डायनिंग प्लॅन घेऊन टाका, तिथे खिशात हात घालायला नको. घ्यावा का, आणि घेतला तर दोनपैकी कोणता? 'आम्ही गेलो होतो तेव्हा काय मज्जा आली' हे कृपया दुसऱ्या धाग्यावर. इथे आकडे द्या.

हिशेबनीस

आधी प्लॅन म्हणजे नक्की काय ते बघू, एजंट लोक तिथेच गोल फिरवतात. करोनात बंद झालेला हा प्लॅन ९ जानेवारी २०२४ पासून परत सुरू झाला. तेव्हाचे दर माणशी प्रति रात्र असे:

क्विक सर्व्हिस प्लॅन: मोठ्यांना ५७.०१ डॉलर, मुलांना २३.८३. यात काउंटरवरची दोन जेवणं, एक स्नॅक.
डायनिंग प्लॅन: मोठ्यांना ९४.२८, मुलांना २९.६९. यात टेबलावर बसून एक जेवण, काउंटरवरचं एक, एक स्नॅक.

दोन्हीत प्रत्येकाला पेय भरून घ्यायचा एक मग मिळतो, तो मुक्कामभर हॉटेलात पुन्हा पुन्हा भरून घेता येतो. दर त्यानंतर थोडे वाढलेत, तेव्हा बुकिंगच्या दिवशीचा आकडा घाला. गणिताची रीत तीच राहते.

मूल म्हणजे ३ ते ९. तुमचा अकरा वर्षांचा मुलगा डिस्नीच्या लेखी मोठा माणूस. म्हणजे तुमचे पाच मोठे आणि एक मूल. पाच रात्रींचा क्विक सर्व्हिस १,५४४.४० डॉलर, डायनिंग प्लॅन २,५०५.४५ डॉलर. आणि एका आरक्षणात तीन वर्षांवरच्या सगळ्यांना प्लॅन घ्यावा लागतो. 'आई-बाबांना नको, आम्हाला द्या' असं एका खोलीत चालत नाही.

क्रेडिट, म्हणजे प्लॅनमधलं एकेक जेवण किंवा स्नॅक, रात्रींवर मोजतात, दिवसांवर नाही. पाच रात्री म्हणजे जेवायचे दिवस सहा, क्रेडिट पाच दिवसांचं. उरलेलं क्रेडिट चेकआउटच्या दिवशी मध्यरात्री संपतं, परतावा नाही.

सदाशिव_पेठ_३०

'खिशात हात घालायला नको' म्हणजे काय? टिप प्लॅनमध्ये नाही. सहा किंवा जास्त माणसांच्या टेबलावर १८ टक्के टिप बिलात आपोआप लागते, आणि ती मेन्यूवरच्या किमतीवर. कॅरॅक्टर बुफेला (जिथे मिकीसारखी पात्रं टेबलापाशी भेटायला येतात) मोठ्यांचे ६६ आणि मुलांचे ४१ डॉलर धरले, तर सहा जणांचं बिल ३७१ आणि टिप ६६.७८ डॉलर. 'फुकट' जेवणावर. एजंटला हे विचारा आणि तो काय म्हणतो ते इथे टाका, तेवढीच करमणूक.

हिशेबनीस

बरोबर. फक्त टिप प्लॅन घेतला तरी जाते आणि रोख दिले तरी जाते, म्हणून तुलनेतून मी ती वगळतो.

आता मुद्द्याचं. प्लॅनचा दर सगळ्यांना एकच, मेन्यूवरच्या किमती मात्र वेगवेगळ्या. स्टेक किंवा रिब्ज घेणाऱ्याचं आणि टोफू बोल घेणाऱ्याचं एकच क्रेडिट कापलं जातं. शाकाहारी पदार्थ बहुतेक मेन्यूंत सर्वात स्वस्त असतो, म्हणजे आपण दुसऱ्याच्या स्टेकचे पैसे भरतो. क्विक सर्व्हिसमध्ये मोठ्या शाकाहारी माणसाचा दिवस असा, ६.५ टक्के सेल्स टॅक्स धरून:

साडेतेरा डॉलरचा बोल आणि साडेचारचं कोल्ड्रिंक, टॅक्ससह १९.१७. असं दोनदा म्हणजे ३८.३४. साडेसहाचा स्नॅक ६.९२ ला. पेयाचा तो मग साधारण २२ डॉलरचा, पाच रात्रींत वाटला तर रोज ४.६९. एकूण ४९.९५. प्लॅन ५७.०१. रोज सात डॉलर तोटा.

आणि हे रोज दोनदा कोल्ड्रिंक पिणाऱ्या माणसाचं गणित. आई-बाबा ते पितील असं वाटत नाही. काउंटरवर मागितलं की बर्फाचं पाणी कपात फुकट मिळतं. कोल्ड्रिंक आणि मग काढून टाकले की रोजचा खर्च ३५.६८ आणि तोटा २१ डॉलरच्या वर. पाच रात्री, पाच मोठे: ५३० डॉलरच्या पुढे पाण्यात. फुकटच्या पाण्यात.

बिअरने चित्र बदलतं. २१ वर्षांवरच्यांना जेवणासोबतच्या पेयात बिअर, वाइन, कॉकटेल चालतं. कोल्ड्रिंकऐवजी दोन्ही वेळा दहा डॉलरची बिअर घेतली की दिवस ६१.६७ वर जातो आणि पावणेपाच डॉलर फायदा दिसतो. पण मॅजिक किंगडम या पार्कात काउंटरवर दारू मिळतच नाही, फक्त टेबल सर्व्हिसमध्ये. तो दिवस वजा करा.

मुलीचं उलट. मुलांचं काउंटरचं जेवण पेयासकट साडेआठच्या आसपास. दोन जेवणं, स्नॅक आणि मग मिळून २९.७१, प्लॅन २३.८३. तिथे वसूल.

अळूवडी

मेन्यूत हिरव्या पानाचं चिन्ह शोधा. त्याचा अर्थ मांस, दूध, अंडं, मध यांपैकी काहीही नाही. म्हणजे आईंसाठी पान असलेला पदार्थ डोळे मिटून. पान नाही पण 'व्हेजिटेरियन' आहे, तर अंडं आणि चीजमधलं रेनेट (दूध गोठवायला वापरतात ते, वासराच्या जठरातलं) दोन्ही असू शकतं. तिथे विचारायचंच, आणि नुसतं 'व्हेज?' असं नाही, 'एग?' असं वेगळं.

अ‍ॅनिमल किंगडमच्या पँडोरात सातूली कँटीन आहे. तिथला बोल जुळवून घेता येतो, खाली भात, वर तळलेला तिखट टोफू. टोफूला नाक मुरडणाऱ्यांनीही तिथे करून बघायला हरकत नाही, कडेने कुरकुरीत असतो आणि सॉस वेगळा मागता येतो. स्नॅक क्रेडिट बाटलीबंद पाण्यावर कधी घालवू नका. डोल व्हिप (अननसाचं मऊ आइस्क्रीम) किंवा मिकी आइस्क्रीम बारवर घाला, तेवढ्याच क्रेडिटमध्ये किंमत जास्त सुटते.

कांदा-लसूण नको असेल तर काउंटरवर फार आशा ठेवू नका. सॉस तयार येतात, त्यातून लसूण बाहेर काढता येत नाही. टेबल सर्व्हिसला आरक्षण करतानाच पथ्य लिहा आणि बसल्यावर वेटरला पुन्हा सांगा, बऱ्याच ठिकाणी शेफ स्वतः येऊन बोलतो.

सना हे रेस्टॉरंट विसरू नका! अ‍ॅनिमल किंगडम लॉजच्या किडानी व्हिलेजमध्ये. तिथल्या ब्रेड सर्व्हिसमध्ये नान, कांद्याचा कुलचा, पनीर पराठा असे पाच प्रकार आणि सोबत नऊ चटण्या-रायती येतात. दोन माणसांचं पोट सहज भरतं. पण ती मोडते स्टार्टरमध्ये, आणि स्टार्टर प्लॅनमध्ये बसत नाही. म्हणजे शाकाहाऱ्याला जिथे जीव टाकावासा वाटतो नेमकं तिथेच क्रेडिट चालत नाही. रोख द्यायचे.

कोथरूड_डेपो

हिशेब पटला, क्विक सर्व्हिस बाद. पण मुलीला मिकीसोबत जेवायचंय. ते टेबल सर्व्हिसमध्येच येतं ना? मग महागडा प्लॅन उलट बरा पडतो का?

पौड_फाटा

पडतो, पण एका अटीवर: टेबलचं प्रत्येक क्रेडिट कॅरॅक्टर बुफेवरच गेलं पाहिजे.

मुलीचा बुफे ४१, टॅक्ससह ४३.६७. तिचा पूर्ण दिवसाचा प्लॅन २९.६९. एका जेवणातच चौदा डॉलर वर. काउंटरचं जेवण, स्नॅक, मग धरले तर रोज चौतीस डॉलरच्या वर फायदा. या प्लॅनमधला हा एकमेव सणसणीत सौदा आहे.

मोठ्याचा बुफे ६६, टॅक्ससह ७०.२९. काउंटरचा बोल पाण्यासोबत १४.३८, स्नॅक ६.९२. एकूण ९१.५९, प्लॅन ९४.२८. जवळपास बरोबरी, कोल्ड्रिंक आणि मग घेणाऱ्याला सहा-सात डॉलर फायदा. पण बुफे सोडून साध्या टेबल सर्व्हिसमध्ये २४ चा शाकाहारी पास्ता, दहाचं डेझर्ट आणि पाचचं पेय घेतलं, तर तेवढ्याच क्रेडिटमध्ये रोज तीस डॉलर बुडाले.

आता युक्ती. अट 'एका आरक्षणातल्या सगळ्यांना' अशी आहे, 'एका कुटुंबातल्या सगळ्यांना' अशी नाही. सूट सोडा, दोन साध्या खोल्या दोन वेगळ्या आरक्षणांवर घ्या. बऱ्याच तारखांना व्हॅल्यू, म्हणजे डिस्नीच्या स्वस्त श्रेणीच्या, हॉटेलातल्या दोन खोल्या फॅमिली सूटपेक्षा महाग पडत नाहीत, दोन्ही दर समोर ठेवून बघा. पहिल्या खोलीत तुम्ही आणि मुलगी, डायनिंग प्लॅनसकट: १२३.९७ गुणिले पाच, ६१९.८५ डॉलर. दुसऱ्या खोलीत आई-बाबा, बायको, मुलगा, प्लॅन नाही. बिअर पिणारे तुम्हीच, म्हणून प्लॅनच्या खोलीत तुम्ही. खोल्या शेजारी हव्यात असं बुकिंगच्या वेळीच लिहा आणि चेकइनच्या दिवशी आठवण करा. अ‍ॅपमध्ये दोन्ही आरक्षणं एकमेकांना जोडली की टेबल सहा जणांचं एकच करता येतं. बिलात दोघांचं क्रेडिट, चौघांचं कार्ड.

बाकीच्या चौघांनी रोज बुफेला यायची सक्ती नाही हे लक्षात ठेवा. दोनदा सगळे, उरलेल्या तीन वेळा बाप-लेक. टेबलावर सहापेक्षा कमी माणसं असली की १८ टक्के आपोआप लागत नाहीत, तिथे रिवाज म्हणून टिप तुम्ही स्वतः लिहायची. माणसं दोनच, त्यामुळे रक्कमही लहान.

लिंबू_सरबत

सगळं डॉलर-सेंटमध्ये तोलताय, पण ज्येष्ठांचं काय? मेन्यूवर १४ डॉलर दिसले की आजी मनात रुपये करते आणि 'मला भूक नाही' म्हणते. दिवसभर फ्राईजवर काढते आणि संध्याकाळी चक्कर येते. पैसे आधीच भरलेत म्हटलं की निमूट जेवते. तीनशे-चारशे डॉलर तोटा झाला तरी मी आई-बाबांना प्लॅन द्यावा असंच म्हणेन.

हिशेबनीस

मुद्दा खरा आहे, उपाय महाग आहे. डिस्नीचं गिफ्ट कार्ड घ्या. आजींच्या नावाने २०० डॉलर भरा आणि हातात द्या: 'हे भरलेत, परत मिळणार नाहीत, खा.' गिफ्ट कार्डाला मुदत नसते, उरले तर शेवटच्या दिवशी त्यातून खेळणं येतं. प्लॅनचं उरलेलं क्रेडिट मध्यरात्री मरतं. मानसिक परिणाम तोच, तोटा शून्य. शिवाय सनाच्या ब्रेड सर्व्हिसला गिफ्ट कार्ड चालतं.

लिंबू_सरबत

'परत मिळणार नाहीत' हे आजीला खोटं सांगायचं म्हणजे. चालेल. मान्य.

सदाशिव_पेठ_३०

इथून भारतीय क्रेडिट कार्डाने भरणार असाल तर अजून एक कलम. साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते ते शुल्क) असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ४.१३ टक्के. १,५४४ डॉलरवर ६४ डॉलर. शून्य मार्कअपचं कार्ड असेल तर तेच काढा. आणि व्हिसा हातात नसताना प्लॅन घेऊ नका. प्लॅन पॅकेजवरच, म्हणजे खोली आणि तिकिटं एकत्र घेतली तरच मिळतो, आणि पॅकेज पोहोचण्याच्या ३० दिवसांच्या आत रद्द केलं तर २०० डॉलर कापतात.

वारजे_ब्रिज

टेबल मिळालंच नाही तर महागड्या प्लॅनचा उपयोग काय? बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना चेकइनच्या ६० दिवस आधी पुढच्या दहा दिवसांपर्यंतची सगळी आरक्षणं एकदम करता येतात. अ‍ॅपवर फ्लोरिडाच्या सकाळी ६ ला उघडतं. तुमच्या तारखेचा साठावा दिवस ऑगस्टच्या अखेरीस येतो, तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. रात्री जागायची गरज नाही, ऑफिसातून पाच मिनिटांचं काम.

क्रम असा ठेवा: आधी शेवटच्या दिवसांचं, मग पहिल्या दिवसांचं. पहिल्या दिवसांवर इतरांचे साठ दिवस आधीच उघडलेले असतात, तिथलं बरंचसं गेलेलं असतं. सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं जेवण दोन टेबल क्रेडिट खातं, प्लॅनवर ते घेऊ नका. शेफ मिकीज, टस्कर हाउस, क्रिस्टल पॅलेस, गार्डन ग्रिल या चारही ठिकाणी एकच जातं. टस्कर हाउसमध्ये मसालेदार आफ्रिकन जेवण असतं, आपल्या जिभेला ते जवळचं. शेफ मिकीज पार्कात नाही, कंटेम्पररी हॉटेलात आहे. मॅजिक किंगडमच्या दारातून चालत दहा मिनिटं.

कॅरॅक्टर बुफेला जाऊन-येऊन दोन तास जातात. पाच दिवस पाच बुफे म्हणजे दहा तास राइड्सचे गेले. ते प्लॅनच्या पावतीवर दिसत नाहीत.

ऑक्टोबरात अजून एक खोच. मॅजिक किंगडममध्ये हॅलोविनच्या पार्ट्या असतात, त्यांचं तिकीट वेगळं. पार्टीच्या दिवशी साध्या तिकिटावाल्यांना संध्याकाळी ६ ला बाहेर काढतात. तारखा बघून त्या दिवशी तिथल्याच क्रिस्टल पॅलेसचं दुपारचं जेवण ठेवा. गेला नाहीत आणि दोन तास आधी रद्दही केलं नाहीत तर माणशी १० डॉलर दंड.

बावधन_बस

हे सगळं खोपोलीच्या इमॅजिका पार्कच्या तिकीट-अधिक-जेवण कॉम्बोला लागू होतं का? की वेगळा धागा काढू?

पौड_फाटा

नका काढू, दोन वाक्यांत होतं. खोपोलीला जाणं-येणं एका दिवसाचं, सकाळचा नाश्ता एक्स्प्रेसवेवर आणि रात्रीचं जेवण घरी, म्हणजे प्रश्न एकाच जेवणाचा. बाहेरचे पदार्थ आत नेता येत नाहीत, त्यामुळे ते जेवण तसंही आतच घ्यायचंय. कॉम्बो तिकीट घेताना एवढंच बघा: कूपन एकाच रेस्टॉरंटला बांधलंय की कुठेही चालतं, वेळेचं बंधन आहे का, पावसामुळे तारीख बदलली तर जेवणही सरकतं का. आणि बुफे झाल्यावर लगेच नायट्रो रोलर कोस्टरमध्ये बसू नका, भरलेले पैसे वर येतात.

अळूवडी

सिंगापूरवाल्यांनाही एक ओळ: सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजच्या जेवणाच्या व्हाउचरवर फार विचार नको. सेंटोसाहून मोनोरेलने बाहेर पडलं की हार्बरफ्रंट स्टेशन, आणि त्याच नॉर्थ ईस्ट लाइनवर गाडी न बदलता लिटल इंडिया. एक जेवण आत, दुसरं तिथे डोसा. ऑरलँडोत असं पार्काच्या दारातून सुटणारं काही नाही, म्हणून तिथे एवढी डोकेफोड.

चिवडा_पाव_किलो

घरून काय न्यायचं ते कोणीच बोललं नाही. डिस्नी वर्ल्डच्या पार्कात बाहेरचं खाणं चालतं. काचेची भांडी, दारू आणि सुटा बर्फ नाही, आणि गरम करून लागेल असं काही नेऊ नका. माणशी रोज दोन ठेपले आणि मूठभर चिवडा नेला तर दुपारच्या स्नॅकचे पैसे वाचतातच, पण खरा उपयोग पहिल्या तीन रात्री. फ्लोरिडा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. रात्री अडीचला आजोबा टक्क जागे आणि भुकेले, हॉटेलचं फूड कोर्ट बंद. तेव्हा कुठलंच क्रेडिट चालत नाही, ठेपला चालतो.

विमानतळावर तोंडी, आणि फॉर्म दिला तर त्यावरही, खाद्यपदार्थ आहेत हे सांगा. सांगून काढून घेतलं तर फक्त पदार्थ जातो, लपवलं तर दंड. ताजी फळं, भाज्या, मांस नाही. खव्याच्या मिठाईच्या फंदात पडू नका. ताजा कढीपत्ता अजिबात नाही. तो लिंबूवर्गीय झाडांच्या कुळातला, त्याच्यावरून येणाऱ्या किडीने फ्लोरिडाच्या संत्र्यांच्या बागांची वाट लावलीय, तिथे त्यावरून विनोद करत नाहीत.

इथली इलेक्ट्रिक किटली नेऊ नका. तिथे १२० व्होल्ट. आपली २३० ची हजार वॉटची किटली तिथे जेमतेम २७० वॉट देते, लिटरभर पाणी उकळायला वीस-पंचवीस मिनिटं. आणि खोलीत शिजवणं तसंही नियमात नाही. गरम पाणी खोलीतल्या कॉफी मशीनमधून काढा.

कोथरूड_डेपो

सगळ्यांचे आभार. सूट सोडला, दोन खोल्यांचा दर मागवलाय. माझ्या खोलीला प्लॅन, आईंना गिफ्ट कार्ड. ठेपल्यांची ऑर्डर सासूबाईंकडे गेली. एकच शंका: प्लॅनमधले दोन मग माझे आणि मुलीचे. त्यात आई-बाबांचा चहा भरता येईल का? आणि पार्कात तो मग चालतो का?

हिशेबनीस

पार्कात नाही. फक्त हॉटेलांतल्या मशीनवर, मगाच्या तळाला चिप असते ती ओळखून. मशीनवर चहाच्या पिशव्या आणि गरम पाणी मिळतं, दूध फूड कोर्टातून छोट्या डब्यात घ्या. एका मगात दोन कप सहज होतात. चहाची पूड आणि गाळणी इथून न्या, त्या पिशवीतल्या चहाने बाबांचं समाधान होणार नाही.

आणि प्रत्येक पावती खालून वर वाचा. अगदी शेवटी टेबल, क्विक, स्नॅक असं प्रत्येकी किती उरलं ते छापलेलं असतं. स्नॅकऐवजी क्विक कापलं गेलं असेल तर काउंटर सोडायच्या आत सांगा, तिथल्या तिथे उलटं करून देतात.